तिळीची मान कोण खाजवणार?

ऐका हं.

कुंभारआळीत दोन शेपट्या होत्या. एक लांब, एक आखूड. लांब शेपटी धुरीची. आखूड शेपटी तिळीची.

दोघी गाढविणी. धुरी मोठी होती, धुरासारखी करडी. तिळी इवलीशी होती, खाटेएवढी उंच. पिल्लू नव्हती हं ती! चांगली चार वर्षांची होती. पण वाढलीच तेवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

धुरी माळावरून माती आणायची. चांगुणाकाकू त्या मातीची मडकी करायची. तिळीच्या पाठीवर मात्र काकू काही लादायची नाही. इवली पाठ, तिला कसलं ओझं? तिळी आपली धुरीच्या मागे मागे चालायची.

सकाळी दोघी मिळून ओरडायच्या.

तिळी म्हणायची, "हींऽऽऽ!"

धुरी म्हणायची, "हांऽऽऽ!"

अर्धं एकीचं, अर्धं दुसरीचं.

संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. हिचं तोंड इकडे, तिचं तोंड तिकडे. धुरी दातांनी तिळीची मान खाजवायची. खस खस, खस खस. तिळी दातांनी धुरीची मान खाजवायची. खस खस, खस खस. तू दातांनी स्वतःची मान खाजवून बघ बरं. नाही ना येत? गाढवालाही नाही येत. त्याला दुसरं गाढव लागतं.

मग धुरी म्हातारी झाली. आजारी पडली. दोन महिने काकूने तिचं सगळं केलं. पाणी पाजलं, अंग पुसलं, कूस बदलली. तिळीच्या खुरांकडे बघायला वेळ कुणाला? खूर वाढले, वाढले, पुढून वर वळले.

आणि एका सकाळी धुरी मेली.

तिळी तेव्हा ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती. माणसं आली. त्यांनी धुरीला गाडीत घातलं. माळावर नेलं. तिथल्या मातीत पुरलं.

काकू म्हणाली, "तिळी यायच्या आत उरका रे बाबांनो. तिला नाही बघवायचं."

मायेनेच म्हणाली. पण चुकली काकू. फार चुकली.

कारण तिळी परत आली. छपराखाली दावं होतं. घमेलं होतं. धुरी नव्हती.

तिळीने छपराखाली शोधलं. मडक्यांमागे शोधलं. चिंचेमागे शोधलं. मग दारात उभी राहिली. वाट बघत. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिळी कडबा खाईना. तिळी ओरडेना.

काकूने गूळ आणला. लोक म्हणतात, गाढवाला गुळाची चव काय! उगीच म्हणतात. तिळीला चांगली कळायची चव. काकू इवलासाच खडा द्यायची, जास्त दिला की पोट बिघडतं. पण तेवढ्यासाठी तिळी काकूची बोटं चाटायची. आज तिने गूळ हुंगला. आणि तोंड फिरवलं.

काकू घाबरली. गाढवाने खाणं सोडलं की त्याचं काही खरं नसतं.

तिळीची मान खाजत होती. खाजवायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळीकडे चिखल होता. रात्री पाऊस पडून गेला होता. तिळी निघाली काकूकडे. खूर वाढलेले, म्हणून लंगडत. टक्... टुक्. टक्... टुक्.

काकू चाकावर मडकं करत होती. धुरीने आणलेली शेवटची माती होती ती.

"काकू, काकू, धुरी कुठंय?"

"माळावर आहे गं," काकू म्हणाली. तिळीकडे बघितलंच नाही तिने.

"मग मला ने ना."

"चढ आहे, बाई. दगड आहेत. तुझे खूर बघ केवढे वाढलेत! खूर कापल्याशिवाय मी नेणार नाही. जा उस्मानचाचांकडे."

तिळी निघाली. टक्... टुक्. टक्... टुक्.

उस्मानचाचा होते नालबंद. बैलांना नाल ठोकायचे, घोड्यांना नाल ठोकायचे. गाढवांचे खूर कापायचे. चाचा ओट्यावर चहा पीत होते.

"चाचा, चाचा, खूर कापा ना.
काकू नेईना,
धुरी दिसेना!"

चाचांनी बशी खाली ठेवली. "ये बेटी. दे पाय."

त्यांनी पाय उचलला. दाबून बघितला. च् च् केलं.

"ओला आहे गं खूर. चिखलात उभी होतीस ना? मऊ पडलाय. ओल्या खुरावर सुरी घसरते. रक्त येतं. खूर कोरडा झाल्याशिवाय मी कापणार नाही. जा पेंढ्याकडे. त्याच्यावर उभी राहा."

चाचांना धुरीचं सगळं माहीत होतं. पण ते नुसते तिळीच्या कानावरून हात फिरवत राहिले.

तिळी निघाली. टक्... टुक्. टक्... टुक्.

पेंढा पडला होता अंगणात, चिंचेखाली. भिजून गोळा झाला होता.

"पेंढ्या, पेंढ्या, वाळ ना.
चाचा कापेना,
काकू नेईना,
धुरी दिसेना!"

"वाळ म्हणे!" पेंढा कुरकुरला. "बघ माझ्याकडे. पिळलं तर घागर भरेल. माझ्यावर उभी राहिलीस तर खूर कुजतील तुझे. ऊन आल्याशिवाय मी वाळणार नाही. जा उन्हाकडे."

तिळी निघाली. टक्... टुक्. टक्... टुक्.

ऊन होतं शेजारच्या कौलांवर. तिथे एक मांजर पाय पसरून झोपलं होतं.

"उन्हा, उन्हा, ये ना.
पेंढा वाळेना,
चाचा कापेना,
काकू नेईना,
धुरी दिसेना!"

"हळू बोल, मांजर उठेल," ऊन म्हणालं. "अगं, मी कधीचं आलंय. कौलांवर आलंय, कुंपणावर आलंय. पण तुझ्या पेंढ्यावर कसं येऊ? मध्ये चिंचेची फांदी वाकलीय. फांदी उठल्याशिवाय मी येणार नाही. जा फांदीकडे."

तिळी निघाली. आता पाय दुखत होते. मान तर फारच खाजत होती. तिने कुंपणाला मान घासून बघितली. कुंपण टोचलं. टक्... टुक्. टक्... टुक्.

चिंचेची फांदी खाली वाकली होती. पानापानातून पाणी गळत होतं. टप टप. टप टप.

"फांदीताई, फांदीताई, ऊठ ना.
ऊन येईना,
पेंढा वाळेना,
चाचा कापेना,
काकू नेईना,
धुरी दिसेना!"

"कशी उठू गं?" फांदी म्हणाली. "रात्रभर पाऊस झेलला. पानापानात पाणी साठलंय. जड झालेय मी. वाऱ्याने पाणी झटकल्याशिवाय मी उठणार नाही. जा वाऱ्याकडे."

तिळी वळली.

"तिळे," फांदी हळूच म्हणाली, "धुरी रोज आमच्या खोडाला पाठ घासायची गं. साल गुळगुळीत झालीय बघ तिथे."

तिळीने बघितलं. साल गुळगुळीत होती. तिथे एक करडा केस अडकला होता. तिळीने तो हुंगला. बराच वेळ हुंगला.

मग निघाली. टक्... टुक्. टक्... टुक्.

पण वारा कुठे शोधायचा? तो काय ओट्यावर बसतो थोडाच! तिळीने रस्त्यावर बघितलं. वारा नव्हता. ओढ्यावर बघितलं. वारा नव्हता. शेवटी मडक्यांपाशी आली. तिथे एक मोठा रिकामा रांजण होता. रांजणातून आवाज येत होता. हूऽऽ. हूऽऽ.

तिळीने रांजणात तोंड घातलं.

"वारेदादा, वारेदादा, वाहा ना.
फांदी उठेना,
ऊन येईना,
पेंढा वाळेना,
चाचा कापेना,
काकू नेईना,
धुरी दिसेना!"

"का वाहू?" वारा आतून म्हणाला. "रोज सकाळी तुम्ही ओरडायचात. मी ते उचलायचो. ओढ्यापलीकडे न्यायचो. तुझं हींऽऽ पण न्यायचो, धुरीचं हांऽऽ पण न्यायचो. आता दोन दिवस न्यायला काही नाही. मी रिकामा, रांजण रिकामा. कोणी ओरडल्याशिवाय मी वाहणार नाही."

"मग कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडे नको जाऊ. तूच ओरड."

तिळीने मागे बघितलं. पुढे बघितलं. आता कुणाकडे जायचं राहिलंच नव्हतं.

वारा वाहेना,
फांदी उठेना,
ऊन येईना,
पेंढा वाळेना,
चाचा कापेना,
काकू नेईना,
धुरी दिसेना!

तिळी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. चिखलात. चार पाय रोवून. तिने तोंड उघडलं.

"हींऽऽऽ!"

आणि थांबली. रोज थांबायची तशी. आता धुरी हांऽऽ म्हणेल, म्हणून थांबली.

कोणी म्हटलं नाही.

तिळीने कान इकडे केले. कान तिकडे केले. छपराकडे बघितलं. दाव्याकडे बघितलं.

कोणीच म्हटलं नाही.

तिळीला रडू आलं. गाढवं रडतात का? रडतात तर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, पण सगळं अंग रडतं. तिळीचे पाय थरथरले. पाठ थरथरली. आखूड शेपटी थरथरली. आणि धुरीचं अर्धं तिळीनेच म्हटलं.

"हांऽऽऽऽ!"

केवढ्याने म्हटलं! रांजण घुमला. मांजर ताडकन उठलं. काकूचा हात चाकावर थबकला.

आणि वारा रांजणातून बाहेर आला. हूऽऽऽश्! तिळीचं ओरडणं त्याने उचललं. ओढ्याकडे नेलं. जाता जाता त्याने चिंच हलवली.

वारा वाहिला, फांदीचं पाणी झडलं. सळसळ सळसळ!

फांदी उठली, ऊन अंगणात आलं. लख्ख!

ऊन आलं, पेंढा वाळला. करकर करकर!

तिळी पेंढ्यावर जाऊन उभी राहिली. पेंढा कोरडा, उबदार. आता कुरकुर नव्हती त्याची. खूर हळूहळू सुकले. दुपार झाली, आणि चाचा आपली पेटी घेऊन आपणच आले.

"दे बेटी पाय."

कच कच, कच कच. एक पाय झाला. कच कच, कच कच. दुसरा झाला. दुखतं का? नाही हं. आपली नखं कापतो ना, तसंच. तिसरा झाला. चौथा झाला. चाचांनी खुरातली घाण काढली, कानस फिरवली. मग म्हणाले, "चाल बघू."

टप टप टप टप!

लंगडणं गेलं.

तिळी काकूपुढे जाऊन उभी राहिली. काकू तिच्या खुरांकडे बघत राहिली. मग हात धुतले. सकाळचं मडकं उन्हात सुकलं होतं. ते हळूच उचललं.

"चल," काकू म्हणाली.

पुढे काकू, मागे तिळी. टप टप टप टप. चढ चढल्या. दगड ओलांडले. माळ आला.

तिळी ओरडली,
वारा वाहिला,
फांदी उठली,
ऊन आलं,
पेंढा वाळला,
चाचांनी खूर कापले,
काकूने माळावर नेलं.

आणि धुरी?

धुरी दिसली नाही.

मातीचा एक ढीग दिसला. ताज्या, ओल्या मातीचा. तिळी जवळ गेली. तिने हुंगलं. वास मातीचा होता. आणि खाली, खोल, वास धुरीचा होता.

तिळीने खुराने माती थोडी उकरली. मग थांबली.

काकू खाली बसली. तिने तिळीला जवळ ओढलं.

"मेली गं धुरी," काकू म्हणाली. "म्हातारी झाली होती. मेली. आता ती यायची नाही. तुला त्या दिवशीच दाखवायला हवी होती. मी नाही दाखवली. चुकलं माझं, बाई."

आणि काकू रडली. तिळीच्या मानेत तोंड घालून रडली.

तिळी ढिगापाशी बसली. अंग टेकवून, पूर्वी धुरीला टेकायची तसं. बसून राहिली. काकूने "चल आता" म्हटलं नाही. घाई केली नाही. जितका वेळ लागला, तितका लागू दिला.

मग काकूने ते मडकं ढिगावर ठेवलं. कुंभारआळीची रीत आहे ही. माती वाहणारं जनावर मेलं, की त्याने आणलेल्या शेवटच्या मातीचं एक मडकं करायचं. भाजायचं नाही. कच्चंच त्याच्यापाशी ठेवायचं. पाऊस येतो. मडकं विरघळतं. माती पुन्हा मातीत जाते.

ऊन कलायला लागलं, तेव्हा तिळी उठली. बाजूला गवत होतं. तिने एक घास घेतला. हळूहळू चावला. मग दुसरा घेतला.

"खाल्लंस गं, खाल्लंस माझे बाई," काकू म्हणाली. पदराने डोळे पुसले.

तिळीने ढिगाकडे बघितलं. एकदाच ओरडली.

"हींऽऽऽ!"

वाऱ्याने ते उचललं. ओढ्यापलीकडे नेलं.

आणि ओढ्यापलीकडून, लांबून, कोणीतरी म्हणालं,

"हांऽऽऽ!"

घोगरा आवाज होता. धुरीचा नव्हता. तिळीने कान टवकारले.

"परटाची चुनी ती," काकू म्हणाली. "तिचा जोडीदार उन्हाळ्यात मेला. तेव्हापासून तीही एकटीच आहे गं."

दुसऱ्या दिवशी काकू ओढा ओलांडून परटाकडे गेली. दोघं बराच वेळ बोलली. मग ठरलं. चुनी सकाळी घाटावर कपडे नेईल आणि संध्याकाळी तिळीपाशी येईल.

संध्याकाळी चुनी आली. चुन्यासारखी पांढरी. एक कान फाटका. साबणाचा वास. तिळी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पाठ करून. चुनीही दुसऱ्या कोपऱ्यात उभी राहिली.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच.

तिसऱ्या संध्याकाळी चुनी हळूहळू जवळ आली. शेजारी उभी राहिली. हिचं तोंड इकडे, तिचं तोंड तिकडे. चुनीने तिळीच्या मानेला दात लावले.

खस... खस.

जरा खालीच खाजवलं तिने. धुरी वर खाजवायची. तिळीला धुरी आठवली. खूप आठवली. ती तशीच उभी राहिली.

मग तिळीने मान वळवली. चुनीची मान खाजवली. खस खस, खस खस.

चुनीने डोळे मिटले. तिची मान उन्हाळ्यापासून खाजत होती.